मेबलबाईंचा मुक्काम

शनिवार, १२ एप्रिल २०२५. संध्याकाळचे ६ वाजून ४० मिनिटं.

गॅरेजमध्ये बसून कुंपणाच्या खुंट्या दुसऱ्यांदा मोजत होतो, तेव्हा डेलचा ट्रेलर आला. खुंट्या बरोबर होत्या. मला उगाच एक कमी वाटत होती.

वही आजपासून सुरू करतो आहे. काही बिघडलं तर कुठे बिघडलं ते नंतर शोधता यावं म्हणून.

डेल इथून उत्तरेला नदीकाठी शेती करतो. सत्तरीचा असेल. त्याने त्याची डुकरीण मला पाच आठवड्यांसाठी उसनी दिली आहे. भाडं विचारलं तर म्हणाला, उगवेल त्यातलं काही आणून दे. मी ज्यांच्याकडे खालच्या मजल्यावर राहतो, त्या चंद्रशेखर काकांच्या घरामागे अर्धा एकर जागा आहे, आणि ती सगळी काटेरी ब्लॅकबेरीने भरली आहे. माणूस आत शिरू शकत नाही. मशीनवाल्याने अडतीसशे डॉलर सांगितले. शेळ्या पानं खातात पण मुळं तशीच राहतात आणि जून आला की पुन्हा सगळं वर येतं. डुक्कर मुळं काढतं.

या झुडपाला इथे हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात. काका म्हणतात, "आपल्याकडचं नाव घेऊन आलं आणि कुणाला न विचारता सगळीकडे पसरलं. आमच्याच बॅचचं असणार." काका १९७८ मध्ये या देशात आले. विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर होते. मी मात्र बारावी नापास आहे, आणि ते मला हाक मारतात इंजिनिअर, कारण माझ्या खिशात नेहमी मोजायचा टेप असतो.

डुकरिणीचं नाव मेबल. अंग तांबूस, कान पुढे पडलेले, माझ्या कमरेएवढी उंच. ती ट्रेलरमधून उतरली तेव्हा काकांनी जॅकेटची चेन लावून दोन्ही हात जोडले. "पृथ्वी वर काढणारा देव हाच," ते म्हणाले, "आणि आपण मशीनवाल्यांना फोन करत बसलो." सुहासिनी काकू खिडकीत होत्या. त्या आत गेल्या.

डेलचे नियम: सकाळी एक डबा धान्य. पाणी भरपूर. बाकीचं तिने जमिनीतून मिळवायचं. ती भुकेने हैराण नको, पण पोटभर जेवलेलीही नको, कारण पोट भरलं की ती झोपते. घरातलं काहीही द्यायचं नाही. मी प्रत्येक नियमाला "यस सर" म्हणालो.

सोमवार, १४ एप्रिल

मी असं काम कधी पाहिलं नव्हतं. ती नाक जमिनीत घालते, मान एकदा उचलते, आणि डोक्याएवढा गड्डा मुळांसकट बाहेर येतो. काटे तिला लागतच नाहीत. ती ते पायाखाली घालते आणि पुढे जाते. दोन दिवसांत एक खोलीभर जमीन उघडी पडली. खाली काळी माती आहे. मी मूठभर घेऊन वास घेतला. श्रीरामपूरला आमच्या घराजवळच्या मातीला असा वास नव्हता, पण तरी बरं वाटलं.

काकांनी कुंपणाच्या तारेत करंट आहे का हे गवताची काडी टेकवून पाहिलं. आहे.

मला इथे कुणी काही न विचारता जागा दिली, डेलने डुकरीण दिली. एवढं सगळं एका माणसाच्या वाट्याला येतं तेव्हा भीती वाटते.

शुक्रवार, १८ एप्रिल

आई-बाबा राहतात त्या प्लेनो शहरातून बाबांचा फोन आला. आत्याच्या मुलाच्या वेअरहाऊसमध्ये जागा आहे, एक जूनपासून. बाबा रागावून बोलले नाहीत. म्हणाले, "तिकडे तू एकटा. आम्ही इकडे. तीन दिवसांच्या नोकरीवर किती दिवस काढणार?" मी प्रताप शेठच्या दुकानात आठवड्यातून तीन दिवस भाजीचा माल लावतो, हे खरंच आहे.

मी म्हणालो, मे अखेरपर्यंत वेळ द्या. प्रताप शेठ म्हणाले आहेत की ताजी मेथी, अंबाडी आणि कोथिंबीर दिली तर उन्हाळाभर दर शुक्रवारी घेतील. कॅलिफोर्नियाहून येणारी मेथी इथे पोचेपर्यंत पिवळी पडते, ती मीच दर वेळी निवडून फेकतो. मे संपता संपता रोपं जमिनीवर दिसली तर मी इथे राहीन. नाही दिसली तर प्लेनोला जाईन. बाबा "बरं" म्हणाले.

प्लेनो वाईट नाही. तिथे मी दोन वर्षं होतो. तिथे मला कुणीही पाहिलं की आधी विचारायचं, काय शिकतोस. इथे काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, तिखट किती खातोस.

बुधवार, २३ एप्रिल

वेग कमी झाला आहे. पहिल्या आठवड्यात रोज जितकं निघत होतं त्याच्या निम्मंसुद्धा नाही. धान्य तेवढंच देतो आहे, डबा सपाट करून. पाणी स्वच्छ आहे. काल दिवसभर पाऊस होता म्हणून असेल.

घरात मात्र सगळं छान चाललं आहे. काकांना डॉक्टरांनी साखरेसाठी कारल्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी सांगितली आहे. पूर्वी ते ताटात तशीच ठेवायचे. आता ताट चकचकीत असतं. काकू खूश आहेत. जेवण झालं की काका न चुकता मागच्या बाजूला चालायलाही जातात.

डेकवर कावळे फार ओरडतात. काकू रोज पहिली पोळी गोग्रास म्हणून बाजूला काढतात. इथे गाय कुठली, म्हणून इतकी वर्षं त्या ती डेकच्या कठड्यावर पक्ष्यांसाठी ठेवत आल्या. हल्ली कठडा रिकामाच दिसतो. कावळ्यांआधी खारी नेत असाव्यात.

रात्री मी मेबलला बघायला जातो तेव्हा माझं सफरचंद खाऊन उरलेला भाग देतो. ते काही खाणं म्हणता येणार नाही.

बुधवार, ३० एप्रिल. अक्षय तृतीया.

काकूंनी पुरणपोळ्या केल्या आणि हापूसचा डबा फोडून आमरस. मी पाच पोळ्या खाल्ल्या. मागून लाज वाटली, कारण रविवारी पाहिलं होतं की काकूंचा गुडघा सुजलेला आहे आणि ओट्याशी त्या एका पायावर उभ्या राहतात. मदत करू का विचारलं तर म्हणाल्या, "तू आता खाली जा. मला जरा आवरू दे." मला वाटतं, मी स्वयंपाकघरात जास्त वेळ घुटमळतो. ते कमी केलं पाहिजे.

मेबल दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत झोपली होती. घोरत होती. कान हलवून बघितले. ताप कसा बघायचा ते मला माहीत नाही.

शुक्रवार, २ मे

सकाळी दहापर्यंत उठली नाही. धान्यही अर्धं ठेवलं. अर्ध्याहून जास्त जमीन बाकी आहे. दुसऱ्याचं जनावर माझ्या हातात मेलं तर काय करायचं. डेलला फोन केला. उद्या येतो म्हणाला.

शनिवार, ३ मे

डेल आला. मेबलच्या पाठीवर थोपटलं, पोटाखाली हात घातला, तिची विष्ठा काडीने उलटून पाहिली. मग चिखलात वाकून काहीतरी उचललं आणि पँटला पुसून माझ्या हातात दिलं. स्टीलची वाटी होती. तिच्यावर कोरलं होतं: चि. सुहासिनीस, आईकडून, १९७९.

डेल म्हणाला, ही आजारी नाही. ही फार सुखात आहे.

मी वाटी घेऊन वर गेलो. डेल मागोमाग आला, दारात बूट काढून टोपी हातात घेऊन उभा राहिला. काकूंनी वाटी माझ्या हातातून घेतली आणि नळाखाली धरली.

"मी फक्त गोग्रास घालते," त्या म्हणाल्या. "एक पोळी."

"पोळी वाटीतून?" काका म्हणाले.

"कोरडी कशी घालायची? वरण नको का थोडं?"

"आणि वरणाबरोबर भात."

"भात उरतो. आणि सणाच्या दिवशी दाराशी बसलेल्याला काय पुरणाचा नुसता वास द्यायचा?" असं म्हणून काकू काकांकडे वळल्या. "तुम्ही रोज जेवल्यावर खिशात नॅपकिन घालून कुठे जाता ते सांगा आधी."

काका खिडकीबाहेर बघू लागले. "कारलं तिला आवडतं," ते म्हणाले.

डेलला एकही शब्द कळत नव्हता, पण त्याला सगळं दिसत होतं. मी भाषांतर केलं. तो म्हणाला, म्हणजे हिची दोन जेवणं होतात. मी म्हणालो, तीन. सफरचंदाचं सांगून टाकलं.

मग त्याने मला गंभीरपणे सांगितलं की सतरा तारखेनंतर ठेवता येणार नाही. मेबल पुढे एका बाईंच्या जुन्या बागेत जायची आहे, त्यांना शब्द दिला आहे. दोन आठवडे आहेत. आजपासून सगळं बंद केलंत तर होईल.

तो गेल्यावर मी काकूंना तसं सांगितलं. आवाज चढवला नव्हता, पण मला समोर प्लेनो दिसत होतं. त्या म्हणाल्या, "एकनाथ, तुझं काम मोठं आहे, मला कळतं. पण घरात शिजवायचं आणि मागे कुणाला उपाशी ठेवून राबवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही."



रविवार, ४ मे

कुणी काही दिलं नाही. मेबल दिवसभर कुंपणाशी उभी राहून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होती. जमीन हुंगलीसुद्धा नाही. संध्याकाळी ओरडायला लागली. काकूंनी पडदा ओढला, टीव्ही मोठा केला, मग बंद केला.

जेवताना म्हणाल्या, मला भूक नाही. काका म्हणाले, मलाही आज जड वाटतंय. मी एकटाच जेवलो. दोन घासांनंतर मलाही गिळेना, पण टाकलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं म्हणून संपवलं.

जेवणानंतर काका-काकूंच्या मुलीचा, चारुताताईंचा फोन आला. त्या कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला असतात. त्या गेली तीन वर्षं या दोघांना तिकडे बोलावत आहेत, आणि घर विकायला हा उन्हाळा चांगला आहे म्हणत आहेत. फोन स्पीकरवर होता. काका म्हणाले, "यंदा नाही गं. खाली मुलगा राहतो, त्याचं शेत चालू झालंय. मध्येच कसं उठवणार त्याला? इथले कायदे कडक आहेत." ताई म्हणाल्या, "बाबा, ही इज अ टेनंट." काका म्हणाले, "तेच तर."

मला माहीत नव्हतं. माझ्यामुळे त्यांचं घर अडलं आहे. माझ्याकडे काही करारही नाही, त्यांनी सांगितलं तर मी एका दिवसात बॅग भरेन. हे काकांशी बोललं पाहिजे. आज धीर झाला नाही.

सोमवार, ५ मे

सकाळी सहाला मागे आवाज आला म्हणून धावत गेलो. काकू गमबूट घालून, पदर खोचून, त्यावर काकांचा रेनकोट चढवून काट्यांच्या कडेला उभ्या होत्या. एका हातात काकांची पहार, शेजारी स्टुलावर पातेलं. पातेल्यात भिजवलेला मका आणि हरभरे.

"तिला खायचंय ना?" त्या म्हणाल्या. "तर मुळापाशी बसून खाऊ दे. इथे भोक पाड."

मी पहार घेतली. गड्ड्याच्या अगदी शेजारी वीतभर खोल भोक पाडलं. काकूंनी त्यात मूठभर दाणे घातले आणि बुटाने माती दाबली. अशी पाच-सहा केली. पहिल्या भोकात दाण्यांबरोबर गोग्रासाची पोळी चुरून घातली. 

कुंपणाची जाळी पुढे सरकवल्यावर मेबल आली, तिने हुंगलं आणि नाक घातलं. ओंजळभर दाण्यांसाठी तिने तो अख्खा गड्डा उपटून बाजूला फेकला. मग दुसरा. तिला प्रत्येकाखाली काहीतरी आहे असं वाटायला लागलं, आणि जिथे आम्ही काही पुरलं नव्हतं तेही तिने उकरलं.

काकू स्टुलावर बसून बघत होत्या. "कामाचे कष्ट असू देत," त्या म्हणाल्या. "नुसतं वाट बघायला लावू नये."

डेलला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, झाडांची खोडं काढायला मीही असंच करतो. काट्यांसाठी सुचलं नाही, कारण इतकी भोकं पाडायला माझ्याकडे माणसं नाहीत.

माझ्याकडे आहेत. हे लिहिताना बरं वाटलं.

रविवार, ११ मे

आठवडाभर वहीला वेळ मिळाला नाही. आता असं चालतं: काका आदल्या संध्याकाळी गड्डे शोधून त्यांच्याशी गोल्फच्या टी, म्हणजे चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या, खोचतात. त्यांचं गोल्फ सुटून सहा वर्षं झाली, टी पिशवीभर पडून होत्या. सकाळी मी भोकं पाडतो, काकू स्टूल सरकवत दाणे घालतात. काका कारलं ताटातच खातात आणि तोंड वाकडं करतात. दुकानाच्या दिवशी मी उजाडताच काम करून जातो.

आज मदर्स डे. चारुताताईंचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा काकू मागेच होत्या, हाताला कोपरापर्यंत चिखल. ताई म्हणाल्या, "आई, यू लुक टायर्ड." काकू म्हणाल्या, "दमलेय गं. सकाळपासून उन्हात आहे, आता वर जाऊन पिठलं टाकणार आहे. ती बघ मेबलबाई." फोन वळवला. मेबलने तेवढ्यात एक गड्डा उडवला आणि काकू हसल्या.  मग ताई मराठीत म्हणाल्या, "आई, किती दिवसांनी." त्यांना राग आला असावा. साहजिक आहे. माझ्यामुळे त्यांच्या आईला या वयात चिखलात बसावं लागतं.

शनिवार, १७ मे

डेल मेबलला न्यायला आला. कोपऱ्यातल्या देवदाराखालचा एक तुकडा सोडला तर सगळी जमीन उघडी आहे. तो कडेकडेने फिरला, बुटाने ढेकळं फोडली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला जे म्हणायचं होतं ते इंग्रजीत नीट जुळवून ठेवलं होतं, तरी फक्त थँक्यू निघालं.

काकूंनी मला विचारायला लावलं की हिला पुढे कापणार का. डेल म्हणाला, माझ्याकडची सगळ्यांत चांगली कामकरीण आहे, आमच्यापैकी आधी कोण जातं ते बघू. काकूंनी त्याला एक डबा दिला. तो म्हणाला, हा माझ्यासाठी की तिच्यासाठी? मी विचारलं. काकू म्हणाल्या, "दोघांचं वेगवेगळं बांधलंय."

ट्रेलर वळल्यावर काका म्हणाले, "चला, आता रात्री पुन्हा कारलं." आणि नाक शिंकरत आत गेले. त्यांना झाडांच्या परागांचा त्रास होतो.

मंगळवार, २० मे

वाफे केले. काल मेथी टाकली, आज कोथिंबीर आणि अंबाडी. काकूंनी धणे लाटण्याने रगडून दिले. रात्री गार असतं, मेथीचं ठीक आहे, अंबाडीची काळजी वाटते. जुन्या चादरी जमवून ठेवल्या आहेत.

शनिवार, ३१ मे

मेथी चार बोटं आली आहे. ओळी सरळ नाहीत, कारण शेवटच्या दोन काकांनी टाकल्या. कोथिंबीर आत्ताच वर येते आहे. अंबाडीची वाट बघतो आहे.

प्रताप शेठ दुपारी आले. वाकून एक रोप उपटलं, धुतलं, खाल्लं. म्हणाले, पहिली खेप कधी? मी म्हणालो, वीस जूनचा शुक्रवार. त्यांनी फोनमध्ये लिहून घेतलं.

मग बाबांना फोटो पाठवला आणि फोन केला. मी म्हणालो, बाबा, मी येत नाही. ते म्हणाले, "दिसलं. हिरवं आहे." मग आईला फोन दिला. आई विचारत होती, जेवतोस ना. मागून बाबा कुणाला तरी फोटो दाखवत असल्याचं ऐकू आलं.

एवढं झाल्यावर मी काकांशी बोललो, कारण आता आणखी लांबवणं बरोबर नव्हतं. म्हणालो, घर विकायचं असेल तर माझी अडचण समजू नका. मेथी निघाली की मी दुसरी खोली बघेन, शेत मिळेल तिथे करेन. पाठ केलं होतं म्हणून न अडखळता बोलता आलं.

काका चष्मा पुसत राहिले. "सुहास, ऐकतेस का," त्यांनी आत हाक मारली. "हा आपल्याला सोडून जायचं म्हणतोय."

काकू ओट्याशी होत्या. वळल्या नाहीत. "सप्टेंबरात पुन्हा डुकरीण आणायची आहे म्हणावं," त्या म्हणाल्या. "देवदाराखालचं राहिलंय. डेलशी मी बोलले आहे."

त्या डेलशी कोणत्या भाषेत बोलल्या ते मी विचारलं नाही. घराचं काय ठरलं तेही मला नीट कळलं नाही. पण बाहेर काढून ठेवलेली बॅग पलंगाखाली परत सरकवली.

आजपर्यंतचा हिशेब.

खर्च: कुंपणाची जाळी आणि खुंट्या, जुन्या, १४०. बॅटरी ६०. मेबलचं धान्य ३८. मका आणि हरभरे २७, हे काकूंनी आणले, द्यायला हवेत. बी ३१. एकूण २९६ डॉलर.

देणं: काकूंचे मक्याचे २७. डेलला मेथीच्या दोन जुड्या आणि तो मागेल ते. काकांना मे महिन्याचं भाडं चारशे, तीनदा दिलं, तीनदा ते माझ्या जॅकेटच्या खिशात सापडलं. उद्या पुन्हा देतो. जेवणाचे किती द्यायचे ते काकूंना आज विचारलं. त्या म्हणाल्या, आधी हात धुऊन ये. तो आकडा आला की इथे लिहीन.